कप हातात, हंगाम कोरडा: सेल्टिकचं 2020-21 नेमकं कुठे फसलं?

20 डिसेंबर 2020, ग्लासगो. हॅम्पडेन पार्क हे स्कॉटलंडचं राष्ट्रीय फुटबॉल मैदान, स्कॉटिश कपची फायनल, आणि स्टँडमध्ये चिटपाखरू नाही. ग्लासगोचाच क्लब सेल्टिक 2-0 पुढे गेला, समोरच्या हार्ट्स क्लबनं 2-2 केलं. जादा वेळेत सेल्टिक 3-2, पुन्हा हार्ट्स 3-3. मग पेनल्टी. सेल्टिकच्या गोलमध्ये कॉनर हॅझार्ड नावाचा 22 वर्षांचा पोरगा उभा होता. त्यानं दोन पेनल्टी अडवल्या आणि क्रिस्टोफर आयरनं शेवटची आत घातली. समोर हार्ट्सचा गोलकीपर होता क्रेग गॉर्डन, जो त्याच उन्हाळ्यापर्यंत सेल्टिकचाच होता. जिंकणाऱ्यांनी कप उचलला तो रिकाम्या खुर्च्यांसमोर, आणि त्यांच्या आरोळ्यांचा प्रतिध्वनी टीव्हीवरसुद्धा ऐकू येत होता.

आता गंमत बघा. याच 2020-21 हंगामाची नोंद सेल्टिकच्या खात्यात 'एकही ट्रॉफी नाही' अशी आहे. 11 वर्षांत पहिल्यांदाच कोरा गेलेला हंगाम. डिसेंबरमध्ये कप उचलून मे महिन्यात हात रिकामे कसे? तर तो कप आदल्या हंगामाचा, 2019-20 चा, होता. कोविडमुळे उपांत्य फेरीपासूनचे सामने लांबले होते, ते डिसेंबरपर्यंत गेले. म्हणजे उधारी वसूल झाली, चालू वर्षाच्या वहीत काही जमा झालं नाही.

स्कॉटलंडमध्ये क्लबला देशांतर्गत तीनच गोष्टी जिंकता येतात: लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप. लीग म्हणजे साखळी स्पर्धा. 12 संघ, प्रत्येकाशी तीन-तीन सामने, असे 33 झाले की तक्ता मधोमध कापतात. वरचे सहा वेगळे, खालचे सहा वेगळे, आणि जो तो आपल्या गटातल्या पाच जणांशी आणखी एकदा खेळतो. एकूण 38. बाकीचे दोन्ही कप बाद पद्धतीचे, हरलात की घरी. तिन्ही एकाच हंगामात जिंकले की त्याला ट्रेबल म्हणतात. बहुतेक क्लबांच्या आयुष्यात ट्रेबल एकदाही येत नाही. सेल्टिकनं 2016-17 पासून सलग चार केले. चार त्रिक बारा. त्या डिसेंबरातला कप हा बारावा.

एवढ्या श्रीमंतीत वाढलेल्या क्लबला दुसरा क्रमांक का बोचतो, हे कळायला ग्लासगो थोडं समजून घ्यावं लागतं. शहरात दोन मोठे क्लब. रेंजर्स 1872 चा. सेल्टिक 1887 चा, पूर्व ग्लासगोतल्या गरीब आयरिश स्थलांतरितांसाठी ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूंनी सुरू केलेला. एक प्रोटेस्टंट वळणाचा, दुसरा कॅथलिक. एक निळा, दुसरा हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना या इर्षेचा वास लगेच येईल, फक्त इथे तिला धर्म, राजकारण आणि आयर्लंडचा इतिहास चिकटलेला आहे. 1985 साली ॲलेक्स फर्ग्युसनच्या ॲबर्डीननं लीग जिंकली, त्यानंतर या हंगामापर्यंत या दोघांखेरीज एकाही क्लबनं ती जिंकली नाही. दोघांच्याच शर्यतीत दुसरा आलेल्याला लोक शेवटचाच म्हणतात.

त्यात हा हंगाम साधा नव्हता. हा 'दहावा' होता.

दहा म्हणजे काय प्रकरण आहे

स्कॉटलंडमध्ये सलग नऊ लीग विजेतेपदं तीनदा झाली. सेल्टिकनं मॅनेजर जॉक स्टीन यांच्या हाताखाली 1966 ते 1974, रेंजर्सनं 1989 ते 1997, आणि पुन्हा सेल्टिकनं 2012 ते 2020. दहा कोणालाच जमली नाहीत. आपल्या मुंबईनं रणजी करंडक 1958-59 पासून ओळीनं 15 वर्षं जिंकला आणि शेवटी 1973-74 ला कर्नाटकनं ती माळ तोडली, ते आठवत असेल किंवा वडिलांकडून ऐकलं असेल. तसंच इथे. फरक एवढाच की इथे एकाची माळ तुटली की दुसऱ्याच्या घरी दिवाळी असते. 1998 साली रेंजर्सचं दहावं हुकलं, कारण सेल्टिकनं शेवटच्या दिवशी सेंट जॉनस्टनला 2-0 हरवून लीग घेतली. आठवडाभरात रेंजर्स स्कॉटिश कपची फायनलही हार्ट्सकडून 2-1 हरले. त्या वर्षी त्यांच्या हाती काही म्हणता काही लागलं नाही. दहाव्याच्या मागे लागलेला क्लब पुरता कोरा राहण्याची ही पहिली खेप. 2020-21 ही दुसरी. (1975 ला सेल्टिकचंही दहावं गेलं होतं, पण त्यांनी दोन्ही कप जिंकून अब्रू राखली.)

सेल्टिकच्या 2012 ते 2020 च्या या नऊमध्ये एक काटाही होता. 2012 मध्ये रेंजर्स चालवणारी कंपनी बुडाली आणि त्यांना चौथ्या श्रेणीतून नव्यानं सुरुवात करावी लागली. वरच्या श्रेणीत ते परतले 2016 ला. म्हणजे सेल्टिकच्या नऊपैकी चार लीग मुख्य प्रतिस्पर्धी घरात नसताना जिंकलेल्या. नववी तर कोविडमुळे अर्धवट थांबवलेली. मार्चमध्ये खेळ बंद पडला आणि मे महिन्यात प्रतिसामना सरासरी गुण काढून सेल्टिकला विजेता ठरवलं. 13 गुणांची आघाडी होती, त्यामुळे निकाल बहुधा तोच लागला असता, पण पाऊस आला आणि डकवर्थ-लुईसनं सामना दिला की समोरचा जे बोलतो ते सगळं सेल्टिकला ऐकावं लागलं. साहजिकच दहावं पूर्ण खेळून, रेंजर्सला समोर ठेवून जिंकायचं होतं. तोंड बंद करणारं उत्तर हवं होतं.

घसरण कुठून सुरू झाली

26 ऑगस्ट 2020. चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी, सेल्टिक पार्कवर, हंगेरीच्या फेरेन्सव्हारोशविरुद्ध. एरवी अशा फेऱ्या घरी एक, बाहेर एक अशा दोन सामन्यांच्या असतात. घरी घसरलात तर बाहेर सावरायला जागा असते. त्या वर्षी कोविडमुळे एकच सामना. मॅनेजर नील लेनन यांनी त्या रात्री हाडाचा स्ट्रायकर बाकावर ठेवून मिडफील्डर रायन क्रिस्टीला पुढे खेळवलं. क्रिस्टीनं गोलही केला, पण सेल्टिक 2-1 हरलं. ऑगस्ट संपायच्या आत युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचं दार बंद झालं आणि तिथून येणारा पैसाही गेला.

सामन्यानंतर लेनन जे बोलले ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांना इथे राहायचं नाही त्यांनी निघून जावं, असं त्यांनी उघडपणे सांगून टाकलं. घरातली भांडणं चव्हाट्यावर आली. माझ्या मते या हंगामाची चावी इथे आहे. दहाव्यासाठी क्लबनं आदल्या वर्षीचा संघ धरून ठेवला होता. मोठे खेळाडू विकायचे नाहीत, फार काही बदलायचं नाही, एवढं एक वर्ष काढायचं. पण यातल्या काहींचं मन आधीच इंग्लंडकडे लागलेलं. पुढच्या उन्हाळ्यात आयर ब्रेंटफर्डला गेला, स्ट्रायकर एदुआर क्रिस्टल पॅलेसला, क्रिस्टी बोर्नमथला. जाणारा माणूस एक वर्ष थांबवून ठेवला की तो कामावर येतो, पण डोळे घड्याळाकडे असतात. कुठल्याही ऑफिसात विचारा.

मॅनेजरच्या बाबतीतही तेच, फार बदल नको. आधीचे मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स फेब्रुवारी 2019 मध्ये लेस्टरला गेले तेव्हा लेनन यांनी मधूनच सूत्रं हाती घेतली, तो ट्रेबल पुरा केला आणि कायम झाले. माणूस उपरा नव्हे. क्लबचे जुने कर्णधार, नऊपैकी पाच लीगवर त्यांचं नाव पूर्ण किंवा अर्धं तरी आहे. त्यांना कर्तृत्व नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण समोर रेंजर्सचे मॅनेजर स्टीव्हन जेरार्ड 2018 पासून एकच संघ, एकच घडी शांतपणे बसवत होते. पहिली दोन वर्षं त्यांना एकही कप मिळाला नव्हता, लोक हसत होते. हसू थांबलं ते या हंगामात.

गोलकीपरची कथा तर सगळ्यांच्या तोंडी असते, आणि ती खरीही आहे. आदल्या वर्षी साउदॅम्प्टनकडून उसना घेतलेला फ्रेझर फॉर्स्टर भिंतीसारखा उभा होता. तो परत आला नाही. गॉर्डन हार्ट्सला गेला. ग्रीसहून वासिलिस बार्कासला बरीच रक्कम मोजून आणलं, तो रुळला नाही. मग स्कॉट बेन, मग हॅझार्ड, पुन्हा बेन. वर्षभरात गोलमध्ये तीन-तीन माणसं फिरली की पुढच्या बचावफळीला आपल्या मागे कोण ओरडतोय तेच कळेनासं होतं.

पण आकडे काढून बसलं की पाणी दुसरीकडेच मुरताना दिसतं. 2019-20 मध्ये सेल्टिकनं लीगच्या 30 सामन्यांत 19 गोल खाल्ले. 2020-21 ला 38 सामन्यांत 29. सामन्यामागे 0.63 वरून 0.76. वाढ आहे, पण आभाळ कोसळावं इतकी नाही. आता केलेले गोल बघा. आधी 30 सामन्यांत 89, म्हणजे सामन्याला जवळपास तीन. नंतर 38 सामन्यांत 78, म्हणजे सामन्याला जेमतेम दोन. प्रत्येक सामन्यातून जवळजवळ एक पूर्ण गोल गायब! आणि त्याचा परिणाम हरण्यात कमी, बरोबरीत जास्त दिसला. आधी 30 सामन्यांत दोनच बरोबरी होत्या, या वर्षी 38 मध्ये अकरा. जे सामने आधी 3-1 सुटायचे ते आता 1-1 सुटू लागले.

गोल कुठे गेले? ओदसॉन एदुआर दोन्ही वर्षी लीगचा सर्वाधिक गोल करणारा, पण 22 वरून 18 वर आला, तेही जास्त सामने खेळून. विंगवरचा जेम्स फॉरेस्ट सप्टेंबरपासून दुखापतीनं महिनोन्‌महिने बाहेर. आणि डेव्हिड टर्नबुल, ज्याला मदरवेलहून ऑगस्टमध्ये आणलं, त्याला डिसेंबर उजाडेपर्यंत नीट खेळवलंच नाही. तो आल्यावर चेंडू पुढे सरकायला लागला, फ्री किकवर गोल व्हायला लागले, आणि हंगामाअखेरीस तो स्कॉटलंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. तोवर घोडं बरंच पुढे गेलं होतं.

आणि एक हिशेब मला सगळ्यांत बोलका वाटतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. 2019-20 च्या सेल्टिकची सरासरी सामन्याला 2.67 गुण होती. त्याच वेगानं 38 सामने खेळले असते तर साधारण 101 गुण झाले असते. रेंजर्सनं 2020-21 मध्ये किती मिळवले? 102. एकही सामना न हरता: 32 विजय, 6 बरोबरी, घरच्या मैदानावर 19 पैकी 19 जिंकले. अख्ख्या लीगमध्ये खाल्ले 13 गोल. म्हणजे सेल्टिक जसंच्या तसं राहिलं असतं तरी गाठ अटीतटीचीच पडली असती. (एकमेकांविरुद्धचे सामने दोघांचेही गुण हलवतात, त्यामुळे हे गणित अगदी काटेकोर नाही. पण अंदाज यायला पुरेसं आहे.) 77 गुण आणि 25 गुणांची दरी ही सेल्टिक खाली येण्याची गोष्ट आहे तितकीच रेंजर्स वर जाण्याचीही. हे सेल्टिकवाल्यांसमोर बोलायची सोय नाही, तो भाग वेगळा.

डिंगवॉलचे पाहुणे

स्कॉटलंडच्या उत्तरेला, हायलँड्समध्ये, डिंगवॉल नावाचं गाव आहे. वस्ती पाच-सहा हजारांची. म्हणजे सेल्टिक पार्कमध्ये साठेक हजार माणसं बसतात, त्यात हे गाव दहा वेळा मावेल. या गावाचा क्लब रॉस काउंटी. एप्रिल 2010 मध्ये दुसऱ्या श्रेणीत असताना त्यांनी स्कॉटिश कपच्या उपांत्य फेरीत सेल्टिकला 2-0 उडवलं होतं. सेल्टिकचा त्याआधीचा शेवटचा कोरा हंगाम तो. तेव्हाचे मॅनेजर टोनी मोब्रे यांना मार्चमध्ये काढून हंगामी सूत्रं कुणाला दिली होती? नील लेनन यांनाच.

29 नोव्हेंबर 2020. लीग कप. युरोपात खेळणाऱ्या क्लबांना सुरुवातीच्या गटफेरीतून सूट असते, त्यामुळे सेल्टिकचा त्या स्पर्धेतला हा पहिलाच सामना. घरचं मैदान, पाहुणे रॉस काउंटी. निकाल पुन्हा 0-2. देशातल्या कपांमध्ये सलग 35 सामने न हरलेला संघ पहिल्याच पायरीवर पडला. बारा ट्रॉफ्यांची माळ तिथे संपली, बारावी अजून प्रत्यक्ष हातात यायची असताना. तारखांचा हा घोळ डोक्यात बसायला मला स्वतःलाच वेळ लागला होता.

आत स्टँड रिकामे, पण बाहेर गेटवर शेकडो लोक जमले, लेनन यांनी जावं म्हणून घोषणा दिल्या, बॅरिकेड हलवली. तीन दिवसांपूर्वीच स्पार्टा प्रागनं युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत, 4-1 धुतलं होतं. तेही दुसऱ्यांदा, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी सेल्टिक पार्कवर येऊन नेमका हाच स्कोअर केला होता. त्या गटात सेल्टिक तळाला राहिलं. एकच विजय, तोही बाहेर पडल्याचं नक्की झाल्यावर, लिलविरुद्ध 3-2. मजा म्हणजे तोच लिल पुढे त्या वर्षी फ्रान्सचा विजेता झाला.

संचालक मंडळानं लेनन यांना ठेवलं. इथे मतं दोन आहेत. एक म्हणतं, ट्रेबल जिंकून दिलेल्या माणसाला एका पडझडीसाठी हाकलायचं नसतं. दुसरं म्हणतं, नोव्हेंबरमध्ये बदल केला असता तर निदान स्कॉटिश कप तरी वाचला असता. मी दुसऱ्या बाजूचा. निष्ठा चांगली गोष्ट आहे, पण इथे निष्ठेपेक्षा निर्णय टाळणंच जास्त वाटत होतं.

दुबई

2 जानेवारी 2021, रेंजर्सचं घर आयब्रॉक्स. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिला तासभर सेल्टिक चांगलं खेळलं, वर्षातलं बहुधा सर्वांत चांगलं. रेंजर्सचे म्हातारे गोलकीपर ॲलन मॅग्रेगर एकामागून एक चेंडू अडवत होते. मग साठाव्या मिनिटानंतर सेल्टिकच्या नीर बिटोननं गोलकडे सुटलेल्या रेंजर्सच्या मोरेलोसला खेचलं, रेड कार्ड. दहा माणसं उरली. थोड्याच वेळात कॉर्नरवरून चेंडू सेल्टिकच्याच कॅलम मॅग्रेगरला लागून आत गेला. 1-0. आडनाव एकच, एक मॅग्रेगर अडवतोय आणि दुसऱ्याच्या अंगाला लागून आत. नशिबाला विनोद सुचतो तो असा.

रेंजर्स 19 गुणांनी पुढे गेले. सेल्टिकचे तीन सामने कमी झाले होते, ते 'हातात' होते. हातातले सामने ही फुटबॉलमधली सर्वांत गोड थाप आहे. कागदावर नऊ गुण दिसतात, ते मिळवायचे मात्र आणखी दमलेल्या पायांनी असतात.

त्याच रात्री संघ सरावशिबिरासाठी दुबईला उडाला. दरवर्षीचा प्रघात होता, सरकारला आधी विचारलंही होतं. पण 4 जानेवारीला स्कॉटलंडमध्ये कडक लॉकडाउन जाहीर झालं. लोकांना घराबाहेर पडायला बंदी, आईबापांना भेटायला बंदी, आणि वर्तमानपत्रांत सेल्टिकच्या माणसांचे उन्हातले, पोहण्याच्या तलावाकाठचे फोटो. ऑगस्टमध्ये याच क्लबचा एक खेळाडू गुपचूप स्पेनला जाऊन, विलगीकरण न करता सामना खेळला होता. त्यावरून दोन सामने पुढे ढकलावे लागले होते आणि सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी अख्ख्या फुटबॉलला 'यलो कार्ड' दाखवल्याचं जाहीरपणे म्हटलं होतं. एवढं होऊनही जानेवारीत हे. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, परतल्यावर बचावपटू क्रिस्टोफर जुलियनला कोविड निघाला. तो आधीच जखमी होता, खेळणारही नव्हता. पण त्याच्या संपर्कातले म्हणून 13 खेळाडू, लेनन आणि त्यांचे सहायक जॉन केनेडी असे सगळे घरात बंद.

उरलेल्या पोरांना घेऊन हिब्सशी 1-1, लिव्हिंगस्टनशी 0-0. नंतर माणसं परत येत असताना पुन्हा लिव्हिंगस्टनशी 2-2. क्लबचे मुख्य अधिकारी पीटर लॉवेल यांनी माफी मागितली.

आजही कुणाला विचारा, दहावं कुठे गेलं? उत्तर येतं, दुबईला. पण तपासून बघा. तीन बरोबरींमुळे गेले सहा गुण. हंगामभरात सेल्टिकनं एकूण 37 गुण गमावले: अकरा बरोबरींचे 22 आणि पाच पराभवांचे 15. त्या पाच पराभवांतले तीन एकट्या रेंजर्सकडून. लीगमध्ये त्यांच्याशी चार वेळा गाठ पडली, 12 पैकी मिळाला एक गुण. दुबईनं लीग घालवली नाही, ती विमान उडायच्या आधीच जवळपास गेली होती. दुबईनं काय घालवलं, तर लोकांची सहानुभूती. हरणाऱ्या संघाला लोक सांभाळून घेतात. आपण घरात कोंडलेले असताना उन्हात बसलेल्या संघाला नाही.

प्रेक्षक नव्हते हे कारण मात्र मला अर्धंच पटतं. साठ हजारांचा आवाज पाठीशी असता तर अकरापैकी दोन-चार बरोबरी फिरल्या असत्या, हे मान्य. पण आयब्रॉक्सही रिकामंच होतं. आपल्याकडे त्याच हिवाळ्यात आयएसएल या फुटबॉल लीगचा अख्खा हंगाम गोव्याच्या तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाला आणि तिथेही कुणीतरी जिंकलंच.

शेवटची घसरण

यानंतर फार काही सांगण्यासारखं नाही. जानेवारीअखेर सेंट मिरननं सेल्टिक पार्कवर येऊन 2-1 जिंकलं. 21 फेब्रुवारीला सेल्टिक डिंगवॉलला गेलं आणि 1-0 हरलं. होय, पुन्हा तेच. तीन दिवसांत लेनन यांनी राजीनामा दिला. केनेडी हंगामी मॅनेजर झाले. 7 मार्चला डंडी युनायटेडशी 0-0 झाली आणि रेंजर्स घरी बसल्या बसल्या विजेते ठरले, सहा सामने शिल्लक असताना. त्यांच्या हिशेबानं हे 55 वं विजेतेपद. सेल्टिकवाले म्हणतात 2012 नंतरचा क्लबच नवा, तेव्हा हे पहिलं. या वादात पडू नये, रात्र सरते.

उरला होता स्कॉटिश कप. 18 एप्रिलला चौथ्या फेरीत गाठ पडली ती रेंजर्सशीच, आयब्रॉक्सवर. 2-0. तिथे हंगाम खऱ्या अर्थानं कोरा झाला. त्या वर्षी पाच वेळा रेंजर्स समोर आले, त्यात चार पराभव आणि एक बरोबरी.

दोन्ही कप मग कुणाला मिळाले? रेंजर्सला नाही, तेही दोन्हीकडे बाद झाले. स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहरातल्या सेंट जॉनस्टन या छोट्या क्लबनं दोन्ही उचलले. फायनल दोन्ही 1-0, आणि दोन्हीतला गोल शॉन रूनीचाच. दोन हत्तींच्या झुंजीत वाटाणे खाऊन गेलं कोण बघा. मला त्या हंगामातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते आणि तिच्यावर सर्वांत कमी लिहिलं जातं.

उन्हाळ्यात सगळं पालटलं. लॉवेल निवृत्त झाले. नऊही लीग पाहिलेला कर्णधार स्कॉट ब्राऊन ॲबर्डीनला गेला. नवा मॅनेजर म्हणून एडी हाऊ यांच्या मागे क्लब आठवडेच्या आठवडे फिरला आणि मे अखेर ते नाही म्हणाले. जूनमध्ये जपानहून अँज पोस्टेकोग्लू नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ आले तेव्हा ग्लासगोत अर्ध्या लोकांनी नाव पहिल्यांदा ऐकलं.

15 डिसेंबर 2021. पुन्हा डिंगवॉल, पुन्हा रॉस काउंटी. सेल्टिकचा एक खेळाडू बाहेर काढलेला, दहा जण मैदानात, 1-1, थंडी आणि भरपाईचा वेळही संपत आलेला. 97 व्या मिनिटाला अँथनी राल्स्टननं हेडरनं चेंडू आत घातला. हाच राल्स्टन आदल्या वर्षी संघात जवळजवळ दिसलाच नव्हता, क्लब त्याला सोडणार अशी बोलणी चालली होती. गोलमागे या वेळी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची माणसं होती, आणि तो थेट त्यांच्यातच जाऊन पडला.